दोन बाळंतपणं, अंगावरचं दूध आणि नंतरची छाती : लिफ्ट किंवा इम्प्लांट कुणी केलंय का?

निवांत_दुपार

हा धागा काढू की नको यात बरेच दिवस गेले. आज धाकटी झोपली आहे, मोठा क्लासला गेलाय, तेवढ्यात लिहून टाकते.

वय ३७, राहणार नाशिक, दोन मुलं. दोन्ही बाळं अंगावरच वाढली. धाकटी तर अडीच वर्षांची होईपर्यंत सोडायला तयार नव्हती. तिचं दूध तोडून आता वर्ष उलटलं. दूध इतकं यायचं की ब्लाऊजमध्ये रुमालाच्या घड्या घालून बसावं लागे. तेव्हा वाढलेली छाती आता रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. वजन बाळंतपणाआधी होतं तेवढंच आहे, रोज चालते, सूर्यनमस्कार घालते. बाकी अंग जागेवर आलं, हे आलं नाही.

मागच्या महिन्यात एका प्लास्टिक सर्जनकडे जाऊन आले. त्यांनी पाच मिनिटं तपासलं आणि "दोन्ही करून टाकू" म्हणाले. दोन्ही म्हणजे लिफ्ट (ओघळलेली छाती वर उचलून घेणं) आणि इम्प्लांट (आत सिलिकॉनची पिशवी बसवणं). अंदाज पावणेतीन लाख. वर त्यांच्या रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं की जोडीला पोटाचं केलं तर पॅकेज बसतं. मी पर्स उचलली आणि घरी आले.

तर कुणी केलं असेल तर सांगा. नुसती लिफ्ट पुरते का? व्रण किती दिसतात? इम्प्लांट आयुष्यभर राहतं का? आणि घरी काय सांगितलंत? नवरा म्हणतो, "मला काही फरक पडत नाही." प्रेमानेच म्हणतो, पण मला पडतो त्याचं काय? सासूबाई आमच्याकडेच असतात.

"तू आहेस तशीच छान आहेस" असे प्रतिसाद कृपया नकोत. ते मैत्रिणींकडून भरपूर मिळालेत.

चकलीची_भाजणी

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं, हिंमत होत नव्हती.

सासवडचे_काका

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या मातोश्रींना आम्ही सहा भावंडं. सगळी अंगावरच्या दुधावर वाढलो. त्यांना कधी असले प्रश्न पडले नाहीत. आईपणाच्या खुणा अभिमानाने मिरवायच्या असतात.

दादर_स्लो

काका, पडले नाहीत की तुम्हाला सांगितले नाहीत? सहा पोरांतल्या कुठल्या पोराला आई हे सांगेल?

खानदेशी_ठेचा

आमच्याकडे बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावशी म्हणायच्या की पाजून झालं की थंड पाण्याचा हबका मारायचा आणि बदामतेलाने खालून वर चोळायचं. माझ्या जावेने रोज पुश-अप्स पण केले. तिला फरक पडला असं ती म्हणते. ऑपरेशनच्या आधी हे करून बघायला काय हरकत आहे? हल्ली क्रीमही मिळतात.

भूलतज्ज्ञ_ठाणे

मी सर्जन नाही, भूल देते. टेबलाच्या डोक्याकडे बसून या शस्त्रक्रिया बऱ्याच पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

@ठेचा, मालिशने अंगाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर करा. पण स्तनात स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी, चरबी, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि वरून त्वचा, एवढंच. स्नायू असतो तो मागे, छातीच्या पिंजऱ्यावर. पुश-अप्सने तो भरतो, जरा उठाव येतो, पण ओघळलेली त्वचा वर चढत नाही. गरोदरपणात ग्रंथी वाढतात, त्वचा आणि तंतू ताणले जातात. बाळ दूध सोडतं तेव्हा ग्रंथी आक्रसतात. ताणलेली त्वचा मात्र त्या प्रमाणात आक्रसत नाही.

क्रीमबद्दल सांगायचं तर आपल्याकडे औषधं आणि जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा १९५४ सालचा केंद्रीय कायदा आहे. ज्या गोष्टींसाठी औषधांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत 'स्त्रीच्या छातीची ठेवण' हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीही हीच क्रीमं विकली जात असणार.

आता धागाकर्तीचा प्रश्न. लिफ्ट आणि इम्प्लांट ही दोन वेगळ्या दुखण्यांवरची दोन वेगळी उत्तरं आहेत. लिफ्टमध्ये जादा त्वचा काढतात, आतल्या ऊतींना पुन्हा आकार देतात आणि निपल वर घेतात. आकारमान त्याने वाढत नाही, उलट ब्रामध्ये किंचित कमी भरल्यासारखं वाटतं. इम्प्लांटने आकारमान वाढतं, पण ते वर उचलत नाही. ३०० सीसीचं सिलिकॉन म्हणजे एका बाजूला जवळजवळ ३०० ग्रॅम वजन. सैल त्वचेत ते नुसतं घातलं तर काही वर्षांनी आणखी खाली.

घरच्या घरी ढोबळ अंदाज येतो. आरशासमोर सरळ उभं राहायचं आणि निपल स्तनाखालच्या घडीच्या वर आहे, रेषेत आहे की खाली, ते बघायचं. वर असेल आणि फक्त रिकामपण खुपत असेल तर इम्प्लांट किंवा स्वतःचीच चरबी भरणं यावर भागतं. खाली असेल तर लिफ्टला पर्याय नाही. दोन्ही एका बैठकीत करता येतं, पुष्कळ जण करतातही. पण त्यात बाहेरून त्वचा कमी करायची आणि आतून ताण वाढवायचा, असं परस्परविरोधी काम असतं. दुरुस्तीसाठी परत टेबलावर येणाऱ्या बायकांचं प्रमाण त्यात जास्त. म्हणून बरेच सर्जन आधी लिफ्ट करतात, काही महिने थांबतात आणि मग बाईला अजून भरीव हवंच असेल तर इम्प्लांटचा विचार करतात. पाच मिनिटांत 'दोन्ही' म्हणणारा डॉक्टर मला तरी पटला नाही. दुसरं मत घ्या.

चकलीची_भाजणी

@भूलतज्ज्ञ, दूध तोडल्यावर किती थांबायचं?

भूलतज्ज्ञ_ठाणे

साधारण सहा महिने. निपल दाबल्यावर दूध येणं थांबलेलं हवं, वजन स्थिर हवं. आणि पुढचं मूल नको हे पक्कं झालेलं हवं, कारण परत गरोदरपण आलं की केलेलं काम परत ताणलं जातं. शिवाय लिफ्टमध्ये, विशेषतः निपलच्या कडेने छेद घेतला तर, काही दुग्धनलिका आणि नसा कापल्या जातात. नंतरच्या बाळाला दूध कमी पडू शकतं.

वऱ्हाडी_वांगं

बाप्पा! आरशासमोर उभं राहून आले सगळे वाचक? की फक्त मीच? :)

कोपऱ्यातली_खुर्ची

मी केलंय. इम्प्लांट, मुंबईत, २०१३ मध्ये. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही.

मला जुळी. त्यांच्यानंतर छाती जवळपास सपाट झाली होती, खाली ओघळली नव्हती. त्यामुळे भूलतज्ज्ञबाईंच्या हिशेबाने माझ्यासाठी इम्प्लांट हेच बरोबर होतं आणि मी ते करून घेतल्याचा मला आनंदही झाला. पहिली सहा-सात वर्षं खरंच छान गेली. कुठल्याही दुकानात जाऊन ब्लाऊज घ्यावा आणि तो बसावा, यातलं सुख ज्यांना ते कायम मिळालंय त्यांना कळणार नाही.

मग डावी बाजू हळूहळू घट्ट होत गेली. शरीर इम्प्लांटभोवती एक आवरण तयार करतं, ते सगळ्यांनाच होतं. काहींमध्ये ते आवरण आवळत जातं. माझं तसं झालं. दोन्ही बाजू वेगळ्या दिसायला लागल्या, पालथं झोपता येईना. त्याच सुमारास, जुलै २०१९ मध्ये, एका मोठ्या कंपनीने खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवल्याची बातमी आली. त्या खरबरीत पृष्ठभागाचा संबंध इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणाऱ्या एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाशी, जोडला गेला होता. माझी गुळगुळीत की खरबरीत हेच मला ठाऊक नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, प्रकार, लॉट नंबर सगळं असतं. माझं कार्ड घर बदलताना गेलं होतं आणि हॉस्पिटलने जुने कागद काढून द्यायला फार दिवस लावले. गुळगुळीत निघाली. तरीही मी दोन्ही काढून टाकली, परत घातली नाहीत.

तेव्हा 'आयुष्यभर राहतं का' याचं उत्तर, नाही. काहींची वीस वर्षं टिकतात, काहींची आठ. पण कधीतरी दुसरं ऑपरेशन होणार असं धरूनच पैसे बाजूला ठेवा. मला पहिल्या वेळी कुणी हे नीट सांगितलं असतं तरी मी केलंच असतं बहुतेक. पण हिशेब माहीत असायला हवा होता.

लेस्टरची_लेक

@खुर्ची, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे.

मी नुसती लिफ्ट केली, इथे इंग्लंडमध्ये, खाजगीत. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सौंदर्यासाठी म्हणून सहसा करत नाही. आमच्या जीपीबाईंनी (म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी) चहा पीत पीत समजावून सांगितलं की मानेचं-पाठीचं दुखणं असेल आणि स्तन फार मोठे असतील तर लहान करण्याचा अर्ज तरी करता येतो, लिफ्टचं विसर.

व्रणांबद्दल विचारलंस म्हणून. किती खाली उतरलंय त्यावर छेद ठरतो. थोडंसंच असेल तर निपलभोवती गोल. त्याहून जास्त असेल तर गोल आणि तिथून सरळ खाली एक रेघ. आणखी जास्त असेल तर त्या रेघेच्या तळाशी, घडीत, आडवी रेघही. मला तिन्ही आहेत. पहिले काही महिने त्या लालभडक आणि उठावदार होत्या, मी आरशाकडे पाठ करून अंघोळ करायचे. वर्षाच्या आसपास फिकट व्हायला लागल्या. घडीतली आता दिसत नाही, उभी दिसते. आपल्या कातडीला व्रण काळसर राहण्याची आणि जाड होण्याची खोड जास्त, त्यामुळे कान टोचल्यावर किंवा सिझेरियनच्या टाक्यांवर गाठाळ वण आला असेल तर सर्जनला आधीच सांग. मी सिलिकॉनच्या पट्ट्या बरेच महिने लावल्या.

उजव्या निपलला संवेदना परत आली, डाव्याला अर्धवट. हे आधी सांगितलेलं होतं, कागदावर सही घेतलेली होती. तरी झाल्यावर वाईट वाटायचं ते वाटतंच.

आणि मुख्य गोष्ट कुणीच सांगत नाही ती अशी, की मूल उचलायचं नाही. चार ते सहा आठवडे. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, दिवसातून पन्नासदा "उचल" म्हणायचा. कोल्हापूरहून आई आली होती म्हणून निभावलं. कुकर उचलायचा नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायचा नाही, उताणंच झोपायचं, दिवसरात्र घट्ट ब्रा. तुझी धाकटी साडेतीन-चार वर्षांची असेल ना? तिला सांभाळणारं माणूस आधी ठरव, डॉक्टर मग.

मिठाचा_खडा

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मांडते. छाती अमुक ठिकाणीच असली पाहिजे हे कुणी ठरवलं? जाहिरातींनी, सिनेमांनी, पुरुषी नजरेने. आपण त्यासाठी निरोगी शरीरावर सुरी चालवून घ्यायची आणि वर त्याला 'माझी निवड' म्हणायचं. दुसरं, असे धागे वाचून नव्या मुली बाळाला अंगावर पाजायला कचरतील याचा विचार झालाय का?

निवांत_दुपार

@मिठाचा_खडा, पहिला मुद्दा मी स्वतःशीच भांडून भांडून झिजवलाय. निम्मा मान्य. उरलेला निम्मा असा की मी रोज सकाळी पॅड सारखे करत कपडे घालते तेव्हा तिथे कुठलाही पुरुष नसतो. दात वेडेवाकडे म्हणून मोठ्याला तारा लावल्या तेव्हा मला कुणी विचारलं नाही की ही निवड कुणाची.

दुसरा मुद्दा मात्र डॉक्टरांनी सांगावा. माझ्या भाचीने हाच प्रश्न विचारलाय, ती आठव्या महिन्यात आहे.

भूलतज्ज्ञ_ठाणे

भाचीला निर्धास्त सांगा. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या प्लास्टिक सर्जननी, लिफ्ट किंवा इम्प्लांटसाठी आलेल्या बायकांचाच अभ्यास करून २००८ मध्ये तो छापला. वय, गरोदरपणांची संख्या, जास्त वजन, मुळातच मोठी छाती आणि धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध दिसला. अंगावर पाजण्याचा स्वतंत्र संबंध दिसला नाही. म्हणजे बाळंतपणापायी जो बदल होतो तो पाजण्याने नाही, गरोदरपणाने होतो. बाळाला वरचं दूध देऊन छाती वाचत नाही.

उलट बाजूने बघा. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, तीस देशांच्या एकत्रित विश्लेषणात दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होताना दिसला. धागाकर्तीच्या खात्यावर बरीच पुण्याई जमा आहे.

धूम्रपानावरून आठवलं. आपल्याकडे बायका "मी सिगारेट ओढत नाही" म्हणतात आणि मिश्री लावतात. निकोटीन ते निकोटीनच. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लिफ्टच्या जखमा चिघळतात, निपलचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. किमान चार आठवडे आधीपासून बंद. भूल देणारीला तरी खरं सांगत जा बायांनो.

मिठाचा_खडा

@निवांत_दुपार, तारांचं उदाहरण पूर्ण पटलं नाही. दात किडायचा धोका असतो, चावायला त्रास होतो. पण तू विचार करून करतेयस हे दिसतंय. अभ्यासाबद्दल भूलतज्ज्ञांचे आभार, तो मुद्दा मागे घेते.

दादर_स्लो

सासवडच्या काकांसाठी सहा मुलांवरून एक माहिती. जगातलं पहिलं सिलिकॉन जेलचं इम्प्लांट १९६२ साली ह्यूस्टनला घातलं गेलं. ज्या बाईंना घातलं त्या टिमी जीन लिंडसे, त्यांनाही सहाच मुलं. त्या दवाखान्यात गेल्या होत्या छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी नवं इम्प्लांट सुचवलं. त्यांना स्वतःला खरं तर पुढे आलेले कान नीट करून हवे होते. शेवटी दोन्ही झालं.

म्हणजे 'जोडीला हेही करून टाकू' ही पॅकेजची परंपरा पहिल्या दिवसापासून आहे.

सासवडचे_काका

हे माहीत नव्हतं. कानांचं वाचून हसू आलं. मातोश्रींबद्दलचा आपला टोला लागला, पण योग्य जागी लागला.

अवांतर : प्लास्टिक सर्जरीचा विषय निघालाच आहे तर पुण्याचं नाव घ्यायलाच हवं. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं. ते करणारा गृहस्थ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतला होता. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात ते सचित्र छापून आलं आणि युरोपातले सर्जन त्यावरून शिकले.

वऱ्हाडी_वांगं

आलं, आलं, पुणे आलं! कुठलाही धागा काढा, तिसऱ्या पानाच्या आत पुणे येतेच. दिवे घ्या काका.

मांडवीकाठ

मी पणजीची. माझी गोष्ट न केल्याची आहे, चालेल ना?

तीन वर्षांपूर्वी सगळं ठरलं होतं. सर्जनने आधी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) सांगितली, कारण माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. एक गाठ दिसली. सुई घालून तपासणी केली, साधी निघाली. पण ते आठ-दहा दिवस असे गेले की ऑपरेशनचा सगळा उत्साहच ओसरला. मग मी पणजीतल्या एका दुकानात जाऊन आयुष्यात पहिल्यांदा नीट माप देऊन ब्रा घेतल्या. इतकी वर्षं पट्टा दोन नंबर मोठा आणि कप दोन नंबर लहान वापरत होते. निम्मं काम तिथेच झालं. सगळ्यांचं होईल असं म्हणत नाही, माझं झालं.

पण ज्या करणार आहेत त्यांनी आधी तपासणी जरूर करून घ्यावी. आपल्या देशात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच. आणि इम्प्लांट असेल तर पुढे प्रत्येक मॅमोग्राफीला ते आधी सांगावं लागतं, इम्प्लांट मागे ढकलून जादा फोटो घेतात.

खानदेशी_ठेचा

नीट माप घेणारं दुकान नाशिकात कुठे आहे? आमच्या इथे काऊंटरवरचा दादा नजरेनेच माप सांगतो आणि बरोबर सांगितलं म्हणून खूश होतो.

चकलीची_भाजणी

आणि ब्लाऊजवाला मास्तर? "ताई, मागच्या वेळेपेक्षा टक्स दोन इंच खाली घेतलेत" हे दुकानभर ऐकू जाईल असं सांगणारा? मी तेव्हाच रेडिमेडवर गेले.

आकडेमोड

पैशांचं कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. बायकोच्या वेळी सगळे कागद मीच हाताळले होते.

विम्यातून मिळणार नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, एरवी रुग्णालयाच्या उपचारांवर जीएसटी नसतो, पण सौंदर्यशस्त्रक्रियेला ती सूट नाही, १८ टक्के लागतो. आम्हाला सांगितलेल्या रकमेत तो धरलेलाच नव्हता, डिस्चार्जच्या दिवशी कळलं. पावणेतीन लाखांवर तो जवळपास पन्नास हजार होतो. भूल, हॉस्पिटलची खोली, ती खास ब्रा आणि नंतरच्या तपासण्या त्यात धरल्यात का, हे लेखी घ्या.

अवांतर : तमिळनाडू सरकारने २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात गरीब बायकांसाठी ही शस्त्रक्रिया मोफत सुरू केली होती. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला स्वतःला त्यात वावगं वाटलं नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची

@आकडेमोड, बायकोच्या ऑपरेशनचे कागद सांभाळणारा नवरा, आणि तेही जीएसटीसकट. दंडवत.

एक भर. इम्प्लांट घातलं की खर्च तिथे संपत नाही. आतल्या आत फुटलं तर सिलिकॉन जेल जागच्या जागी राहतं, बाहेरून काहीच कळत नाही. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, सांगतं की पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी, नंतर दर दोन-तीन वर्षांनी. २०२१ पासून तिथे इम्प्लांटच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीतला इशारा आणि रुग्णाने वाचून सही करायची यादी सक्तीची आहे. ती यादी मागून घ्या, भारतात केलंत तरी.

लेस्टरची_लेक

घरी काय सांगितलं हा प्रश्न राहूनच गेला की. माझ्या चुलत नणंदेने सासरी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. पुढची दोन वर्षं प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी तिच्या हातातून पाण्याचा तांब्या काढून घ्यायचं. एका काकांनी तर हर्नियाचा पट्टा आणून दिला, स्वतः वापरलेला.

मी खरं सांगितलं. आईने एकच विचारलं, "दुखेल का गं?" सासूबाई गप्प बसल्या. त्या अजून गप्पच आहेत त्या विषयावर. चालतं.

वऱ्हाडी_वांगं

हर्नियाच्या पट्ट्यावर मेले हसून हसून.

सर्जन_कसा_निवडावा

हा आयडी याच धाग्यासाठी काढलाय, नेहमीच्या नावाने लिहायचं नाही म्हणून. मी विदर्भात, लिफ्ट गेल्या वर्षी.

तीन सर्जन पाहिले. पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' कुणीही लिहितं. एमबीबीएसनंतर सर्जरीत एमएस आणि मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच, किंवा त्याच विषयातलं डीएनबी, हे शोधा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव नोंदलेलं आहे का ते संकेतस्थळावर बघता येतं. मी प्रत्येकाला सारखेच प्रश्न विचारले. एक वर्षानंतरचे फोटो दाखवा, महिन्यानंतरचे नकोत. आमच्यासारख्या रंगाच्या बाईचे दाखवा. काही बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा? आणि तुमच्याकडचं एखादं न जमलेलं ऑपरेशन सांगा. पहिल्या दोघांना शेवटचा प्रश्न आवडला नाही. तिसऱ्या बाई होत्या, त्यांनी दोन सांगितली, काय चुकलं ते कागदावर काढून दाखवलं. त्यांच्याकडेच केलं.

चरबी भरण्याचाही पर्याय मी विचारला होता. पोटाची-मांडीची चरबी काढून स्तनात टोचतात. परकी वस्तू अंगात नको असेल तर बरं, पण बरीचशी चरबी शरीर शोषून घेतं आणि किती टिकेल ते आधी सांगता येत नाही. कधीकधी कॅल्शियमचे ठिपके राहतात, मॅमोग्राफीत ते दिसले की घबराट. मी नको म्हटलं.

निवांत_दुपार

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, काकांचेही.

दुसरं मत घेऊन आले. वर दिलेले प्रश्न कागदावर उतरवून नेले होते. डॉक्टरांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि एकेक करून उत्तरं दिली. अर्धा-पाऊण तास गेला. त्यांचं म्हणणं, नुसती लिफ्ट. माझ्याकडे ऊती पुरेशा आहेत, त्या पसरल्या आहेत फक्त. छेद गोल आणि खाली उभा, आडवा लागेल की नाही ते टेबलावर ठरेल. इम्प्लांटचा विषय मी काढला तर म्हणाले, "वर्षभराने तुम्हीच परत आलात तर बोलू." आधी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, ती पुढच्या आठवड्यात. खर्च आधीच्या निम्म्याच्या आसपास, जीएसटी धरून. आकडेमोड, तुमच्यामुळे विचारलं.

घरी सांगितलं. सासूबाईंसमोर मी भाषण तयार करून बसले होते. त्यांनी ते अर्ध्यात तोडलं आणि विचारलं, "कधी?" मी म्हटलं, एप्रिल-मे, मुलांच्या सुट्टीत, माझी आई येईल. तर म्हणाल्या, "एप्रिलात माझ्या गुडघ्याचं ठरलंय ना. दोघी एकदम अंथरुणावर पडलो तर तुझी आई आपल्याला दोघींना करायला येणार आहे का? तू दिवाळीनंतर घाल." एवढंच. मग टीव्हीचा आवाज वाढवला.

तर आता दिवाळीनंतर.

मिठाचा_खडा

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. हे मनापासून.

दादर_स्लो

गुडघा आणि हे, दोन्ही एकाच हॉस्पिटलात केलं तर पॅकेज बसेल का विचारलंस का?

लेस्टरची_लेक

दिवाळीनंतर म्हणजे थंडी, घट्ट ब्रा घालायला बरं. नाशिकच्या मेमध्ये घाम आणि टाके यांचं जमलं नसतं. पुढून हुक असलेल्या दोन ब्रा आणि पुढून बटणं असलेले चार सैल गाऊन आधीच घेऊन ठेव, हात डोक्यावर जाणार नाहीत. सोनोग्राफीचं काय झालं ते इथे लिही. आणि धाकटीला आत्तापासूनच बसल्या जागी मांडीत यायची सवय लाव, उचलून घ्यायची मोड.

खानदेशी_ठेचा

ते मापाच्या दुकानाचं कुणीच सांगितलं नाही. नाशिक, कॉलेज रोडच्या बाजूला असेल तर बरं.